हरीभाऊंची बर्फाची साइट व्हिजिट

बदलापूर पूर्वेचे हरिचंद्र भोईर, म्हणजे आमचे हरीभाऊ, कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर ते चिडतात, आणि नाही घातलं तर जास्त चिडतात, की हा आज एवढा सरळ का वागला? लग्नाच्या पंगतीत यजमान आग्रह करायला लागला की जिलेबी कालची असणार म्हणून हात आखडता घेतात. डॉक्टर म्हणाले 'काही झालेलं नाही', की हे निघाले दुसऱ्या डॉक्टरकडे. माणूस वाईट नाही हो. मूळचा चामटोलीचा, अडीअडचणीला धावणारा. पण पोटापाण्याचा धंदाच असा धरला की जगात सरळ काही असतं हेच बिचाऱ्याला पटेना.

धंदा कसला? वांगणीला एका बिल्डरकडे ते साइट व्हिजिट करवतात. घर घ्यायला आलेली माणसं स्टेशनवर उतरली की हरीभाऊ कंपनीची गाडी घेऊन हजर. त्यांना बसवायचं, साइटवर न्यायचं, सॅम्पल फ्लॅट दाखवायचा, चहा पाजायचा आणि परत आणून सोडायचं. सोपं वाटतं? मग करून बघा एकदा! जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'स्टेशनपासून दहा मिनिटांवर'. ही दहा मिनिटं हरीभाऊंनी स्वतःच्या हाताने घडवलेली. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, मागच्या गल्लीतून गाडी काढायची आणि गिऱ्हाइकाला मुलांच्या शाळेबद्दल असं बोलतं ठेवायचं की त्याची नजर घड्याळाकडे जाताच कामा नये. डावीकडे कचऱ्याचा ढीग आला की म्हणायचं, 'साहेब, उजवीकडे बघा, डोंगर बघा, पावसात तर काय दिसतो!' याला ते खोटं म्हणत नाहीत. 'मी दाखवला तो डोंगर खरा आहे ना? मग झालं तर!' असं उलट तुम्हालाच विचारतील.

आता असा माणूस दुसऱ्याच्या जाहिरातीवर भरवसा ठेवेल का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यांची बायको उमा घरातच पाळणाघर चालवते. सकाळी नोकरीला पळणाऱ्या आया आपली पोरं तिच्याकडे टाकतात आणि दिवे लागायच्या वेळेला घेऊन जातात. सोमवार ते शुक्रवार तिला मान वर करायला फुरसत नाही. त्या पोरांपायीच हे बर्फाचं खूळ घरात शिरलं. टीव्हीवर कार्टूनमध्ये बर्फ पडत होता, आणि एका चिमुरडीने विचारलं, "काकू, बर्फ हातात घेतला की चावतो का?" उमाला सांगता येईना. फ्रिजमधल्या बर्फाचं सांगितलं, तर पोरगी म्हणाली, "तो नाही, हा." संध्याकाळी उमाने हसत हसत ही गोष्ट लेकीला सांगितली. लेक ऋतिका अंबरनाथला एका कंपनीत आहे, शिकलेली, चटपटीत. ती म्हणाली, "आई, तू आणि पप्पा जाऊनच या. तिकिटांचं मी बघते. स्की रिसॉर्टला जा, खिडकी उघडली की बर्फ!"

म्हणणं सोपं. पाळणाघर बंद ठेवता येत नाही, म्हणजे शनिवार-रविवारातच जाऊन यायला हवं. आणि दुसरं त्रांगडं त्याहून मोठं. उमाला गाडी लागते. लागते म्हणजे अशी तशी नाही. भाचीच्या लग्नाला महाडला जाताना घाटात तिची जी अवस्था झाली, ती आठवली की आजही ती डोळे मिटून घेते. पिशव्या संपल्या, नवीन पैठणी गेली, आणि वरातीसमोर गाडीचं दार उघडलं तेव्हा वरमाईने नाकाला पदर लावला. त्या दिवसापासून उमा चारचाकीत बसली नाही. रेल्वे आणि उघडी रिक्षा, बास. चार ठिकाणची आमंत्रणं गेली, दोन यात्रा गेल्या. माणूस आपल्या अंगाला घाबरून घरी बसतो ना, तसं झालं होतं तिचं.

म्हणून ठरलं, की विमानतळापासून रिसॉर्टपर्यंतचा रस्ता जितका आखूड तितकं बरं. आणि ते शोधायचं काम साहजिकच हरीभाऊंकडे आलं. अंतराच्या बाबतीत त्यांना कोण फसवणार?

पण उमाने एक अट घातली. वाटाणे सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "अहो, तीस वर्षं झाली लग्नाला. मी जे काही बघितलं ते सगळं तुम्ही आधी बघून आलेलं. हा फ्लॅट तुम्ही आधी बघितला, मग मला आणून दाखवला. माथेरान तसंच. समुद्रसुद्धा तसाच! तुम्ही पुढे आणि मी मागे. 'आता इकडे बघ, आता थांब, आता बघ.' गिऱ्हाईक असल्यासारखं वाटतं मला. एक तरी गोष्ट आपण दोघांनी मिळून पहिल्यांदा बघू. तुम्हीही बघितलेली नको आणि मीही नको. ते जमत असेल तर मी गाडीत बसते. ओकले तर ओकले."

हरीभाऊंना ते जरा लागलं, पण लेक समोर बसलेली. ते म्हणाले, "एवढंच ना? गावदेवीची शपथ."

शपथ घ्यायला त्यांना कधीच जड जात नाही.

उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या दुकानावरच्या माळ्यावर सोनिया नावाच्या सिंधी बाईचं टूर्सचं ऑफिस आहे. ऋतिकाच्या मैत्रिणीने नाव सुचवलं होतं. शेअर रिक्षातून उतरल्यापासूनच हरीभाऊंना ती जागा संशयास्पद वाटली. धंदा चांगला असता तर ऑफिस तळमजल्यावर नसतं का? जिना चढून गेले, तर आत एसी गार. हे अजून वाईट. एसी कशाच्या जिवावर?

सोनियाने पाणी दिलं, फोटो उघडले आणि सांगायला लागली, "देखो अंकल, औलीला बर्फ एकदम मस्त, पण डेहराडूनला उतरून पूरा दिन गाडीत. आंटीला नाही चालणार. सोलंगला रस्ता तसा कमी, पण तिकडे विमान छोटं, मौसम बिघडला की कॅन्सल. आपल्यासाठी गुलमर्ग. श्रीनगरला उतरा, दोन तासांत हॉटेल."

"दोन तास कुठून कुठे?" हरीभाऊंनी विचारलं.

"एअरपोर्ट से हॉटेल."

"एअरपोर्टच्या दारापासून की श्रीनगर शहरापासून? गाडी सुरू झाल्यापासून की बॅगा चढवल्यापासून?"

सोनिया हसली. तिला वाटलं अंकल मस्करी करतायत.

"कितने बजे के दो घंटे? दुपारी किती, संध्याकाळी किती? बर्फ पडत असताना किती?"

"अंकल, बर्फ जास्त असेल तर टनमर्गला गाडी बदलावी लागते. पुढे चाकाला साखळी बांधलेली चेनवाली गाडी. मी आधीच सांगून टाकते, नंतर झिकझिक नको."

इथे हरीभाऊ सावध झाले. धंद्यातलं माणूस आपल्या मालातली खोट स्वतःहून सांगतं? ते स्वतःही हेच करतात ना. पाण्याचा प्रेशर थोडा कमी आहे हे आधीच सांगून टाकायचं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं 'वा, काय प्रामाणिक माणूस', आणि मग रस्त्याचं विचारायला विसरतं. सोनिया गाडी बदलायचं सांगतेय, म्हणजे नक्कीच त्याच्यामागे काहीतरी लपवतेय. वळणं! घाट! ते लपवतेय ही बया.

"आणि वळणं?" त्यांनी एकदम विचारलं.

"शेवटी आहेत थोडी. अंकल, मैं क्यूँ झूठ बोलूँगी?"

'क्यूँ' हे हरीभाऊंना चांगलं माहीत होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि 'विचार करून सांगतो' म्हणून उठले. हे वाक्य त्यांना रोज ऐकावं लागतं. त्या दिवशी दुसऱ्याला ऐकवताना त्यांना फार बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस घरात नुसता उच्छाद. हरीभाऊ गुलमर्गच्या हॉटेलांना फोन करत सुटले. एका हॉटेलला ते डॉक्टर झाले, 'माझ्या पेशंटची तब्येत नाजूक आहे, रस्ता कसा आहे?' दुसऱ्याला सत्तर माणसांची वरात आणणारे शेठ झाले. तिसऱ्याला नुसतंच हिंदीत दम भरला. कुणी दीड तास सांगायचं, कुणी दोन, एकाने तर 'बस पहुँच ही गए समझो' असं सांगितलं, तेव्हा हरीभाऊंनी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. हा आपल्याच जातकुळीतला. शेवटी कुठूनसा तिथल्या एका ड्रायव्हरचा नंबर मिळवला. तो म्हणाला, "साहब, दो घंटा लगेगा, बर्फ गिरी तो तीन. आख़िर में मोड़ हैं. मैडम को उल्टी होती है तो आगे बिठाओ, मैं धीरे चलाऊँगा."

फोन ठेवून हरीभाऊ ऋतिकाला म्हणाले, "काहीतरी काळंबेरं आहे."

"आता काय काळंबेरं, पप्पा? त्याने सरळ सांगितलं ना!"

"तेच तर. एवढं सरळ कोण सांगतं?"

पोरीने कपाळावर हात मारून घेतला. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल माणसावर. हे सगळं चाललं होतं ते उमासाठी. महाडच्या त्या वरातीसमोर बायकोचा उतरलेला चेहरा हरीभाऊंनी बघितला होता. तेव्हाही गाडीत बसवताना त्यांनीच तिला सांगितलं होतं, 'अगं घाट कसला, जरासा चढ आहे.' आपला तो शब्द त्यांच्या घशात हाडासारखा अडकून बसला होता. पुन्हा तसं झालं तर ही बाई जन्मात घराबाहेर पडणार नाही, आणि माझं तोंडही बघणार नाही, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती. भीती खरी होती. फक्त तिच्यावरचा इलाज त्यांना एकच माहीत होता.

जागा न बघता बुकिंग करतो तो मूर्ख, हे ते रोज गिऱ्हाइकांना सांगतात.

झालं! ऋतिकाने दोघांची विमानाची तिकिटं काढून ठेवली होती, शेठकडून शनिवार-रविवारची सुट्टीही आधीच मागून झाली होती. शेठ म्हणाले होते, "शनिवार-रविवार? हरीभाऊ, त्यापेक्षा किडनी मागा." तरी दिली. वीकेंड म्हणजे साइट व्हिजिटवाल्यांचा सीझन. यांची हक्काची सुट्टी मंगळवारी. त्या मंगळवारला बुधवार जोडला, अंबरनाथच्या एका भलत्याच एजंटकडून गुपचूप तिकीट काढलं, सोनियाकडून नाही, ती सावध झाली असती. घरी सांगितलं, नाशिकला प्रॉपर्टीचं प्रदर्शन आहे, शेठ पाठवतायत. उमाने डब्यात थालीपीठं दिली. ती हरीभाऊंनी ढगांच्या वर बसून खाल्ली.

आणि गेले की हो! श्रीनगरला उतरल्या उतरल्या घड्याळ लावलं. ड्रायव्हर गप्पा मारायला लागला तर त्याला गप्प केलं, कारण गप्पांत वेळ कसा मारतात हे त्यांना कुणी शिकवायला नको. सरळ रस्ता किती, वळणं किती, कुठलं वळण पोटात ढवळेल, कुठे गाडी थांबवता येईल, सगळं नजरेखालून घातलं. टनमर्गला गाडी बदलली, तिथलं बाथरूम आतून बघितलं. हॉटेलात गीझर चालू करून पाणी खरंच तापतं का ते हात घालून पाहिलं, रजया हुंगल्या, खिडकीच्या फटींतून वारा येतो का म्हणून काडी पेटवून धरली. रात्रभर हीटर चालतो की मध्येच बंद करतात यासाठी पडल्या पडल्या कान टवकारून राहिले. सकाळी परत.

सोनियाचा शब्दन् शब्द खरा निघाला. ड्रायव्हरचाही. हरीभाऊंना परतीच्या विमानात थोडी निराशाच वाटली, पण तोंडून सुटकेचा एक मोठा सुस्काराही निघाला. आता बायकोला सांगता येईल, छातीवर हात ठेवून.

गुरुवारी संध्याकाळी पाळणाघरातलं शेवटचं पोर गेल्यावर ते उमासमोर बसले. ऋतिकाही नुकतीच कामावरून आली होती. हरीभाऊंना दम निघत नव्हता.

"उमा, तू आता अजिबात घाबरू नको. मी सगळी चौकशी केलीय. अर्ध्याच्या पुढपर्यंत रस्ता असा सरळ आहे, दोन्ही बाजूंना उंच उंच झाडं. मग टनमर्ग. तिथे उतरायचं, पाय मोकळे करायचे, बाथरूम स्वच्छ आहे, आतून कडी पण आहे. मग चेनवाली गाडी. तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला चहाची टपरी येते ना, तिथे त्याला सांगायचं, भाई रोक दो. तिथून समोर बघायचं, खाली नाही बघायचं..."

उमाने भांडी आवरायची थांबवली होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. हा आवाज तिला तीस वर्षं ओळखीचा. ऐकीव गोष्ट सांगताना हरीभाऊ 'म्हणतात', 'असेल', 'बहुतेक' असं सांगतात. जागेवर फिरून आले की 'येते ना', 'बघायचं', 'उतरायचं'.

"तुम्ही जाऊन आलात," ती म्हणाली.

"कुठे?"

"नाशिकला जानेवारीत नाक भाजतं का हो?"

हरीभाऊंचा हात बर्फावरच्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे गेला. ऋतिकाने तोंडावर हात ठेवला. "पप्पा! तुम्ही खरंच...?"

"अगं मी तुझ्या आईसाठीच गेलो! त्या महाडसारखं पुन्हा व्हायला नको म्हणून. तिला त्रास नको म्हणून मी एकट्याने दोन दिवस..."

"शपथ घेतली होती," उमा म्हणाली.

"शपथ रस्त्याची कुठे होती? बर्फाची होती. मी रस्ता बघायला गेलो."

असली पळवाट गिऱ्हाइकापुढे चालते. उमापुढे चालली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिच्या मनातही नव्हतं. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "बरं, कसा असतो?"

"काय?"

"बर्फ. हातात घेतला की चावतो का? त्या पोरीला अजून सांगायचंय मला."

हरीभाऊंनी तोंड उघडलं. त्यांना गीझर आठवला. चेन आठवली, ती चाकाला कशी बांधतात ते आठवलं. चहाच्या टपरीच्या मागे थुंकायला जागा होती ती आठवली. बर्फ होता, सगळीकडेच होता, त्यातून तर गाडी गेली. पण हातात? हातात घ्यायचं सुचलंच नव्हतं.

"गाड्या नीट चालतात त्याच्यावरून," ते म्हणाले.

"म्हणजे गेलात, माझा विश्वास मोडलात, आणि बघितलाही नाहीत!" उमाचा आवाज आता चढला. "निदान डोळे भरून बघून तरी यायचं होतं! निदान मला येऊन भांडायला तरी काही उरलं असतं! ऋतिका, पप्पांचं तिकीट रद्द कर. तुझं काढ. आपण दोघी जाऊ."

"आई, अगं..."

"उमा, वेडेपणा करू नको. आता तो रस्ता मला पाठ आहे. कुठे थांबायचं, कुठल्या बाजूला बसायचं..."

"तुम्ही जागा दाखवलीत. पुढचं गिऱ्हाईक आपलं आपण बघेल."

पुढच्या शनिवारी पहाटे दोघी मायलेकी टॅक्सी नको म्हणून लोकलने आणि मग रिक्षाने विमानतळावर गेल्या. हरीभाऊंनी सुट्टी परत केली. शेठला गहिवरून आलं.

दुपारी ते वांगणीला सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे होते. डोंबिवलीहून आलेलं नवरा-बायकोचं जोडपं स्वयंपाकघराचे खण उघडून बघत होतं. हरीभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ऋतिकाचा एकच मेसेज आला होता, 'सगळं ओके'. सगळं ओके म्हणजे काय? काहीतरी झाल्याशिवाय कुणी सगळं ओके कशाला लिहील? फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. गाडी कुठे अडकली का? ड्रायव्हरने भलत्याच हॉटेलला नेलं का? उमा त्या वळणांवर...

शेवटी उमाचाच फोन आला. हरीभाऊ गॅलरीत धावले.

"पोचलात? गाडी लागली का तुला?"

"लागली की. दोनदा."

"कुठे? तिसऱ्या वळणावर? मी सांगितलं होतं..."

"कुठल्या वळणावर ते मोजलं नाही. गाडी थांबवली, ऋतिकाने पाठ चोळली, ड्रायव्हरने पाणी आणून दिलं. तोंड धुतलं आणि पुढे आलो. काही नाही झालं."

'काही नाही झालं.' तीस वर्षांत हे वाक्य हरीभाऊंनी तिच्या तोंडून गाडीबद्दल ऐकलं नव्हतं. ज्याला घाबरून त्यांनी एवढा खटाटोप केला, ते दोनदा घडलं होतं आणि ती हसत होती. त्यांना बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, की ती पाठ आपण चोळायची होती.

"अहो, काय सांगू तुम्हाला," उमा बोलतच होती, तिला धाप लागली होती. "चावत नाही. आधी कळतच नाही हातात काही आहे म्हणून, मग एकदम झोंबतो. आणि आवाज! पाय टाकला की खाली पोहे चुरडल्यासारखा आवाज येतो. मी पडले दोनदा. ऋतिका पण पडली. वरून उन्हात सगळं असं चमकतंय की डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या. एवढं सुंदर काही असतं हेच माहीत नव्हतं हो मला."

हरीभाऊ कठड्याला धरून उभे राहिले. ही मुद्दाम सांगतेय का? मला हळहळ वाटावी म्हणून? की त्रास झालाय आणि मला काळजी नको म्हणून रंगवून सांगतेय? पोरगी बाजूला उभी राहून शिकवत तर नाही ना?

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खरंच एवढं छान आहे?"

पलीकडे वारा घोंगावत होता.

"नाही ना पटत?" उमा म्हणाली. "मग या एकदा बघून." आणि तिने फोन ठेवला.